वाक्य पुरं होईपर्यंत

आमच्या विभागात एक नवी सहकारी रुजू झाली, तिच्या पहिल्या तीन महिन्यांचा अहवाल मी लिहिला. कामातली अचूकता: उत्तम. वेळेचं भान: उत्तम. आणि 'संवाद' या रकान्यात मी लिहिलं, 'मीटिंगमध्ये पुष्कळदा विषय सोडून बोलते.' मनात कुठलाही आकस नव्हता. मला जे दिसलं ते मी लिहिलं होतं, आणि ते साफ चूक होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा मेल आला. त्यात तक्रार नव्हती. आमच्याच चार मीटिंगांची मिनिट्स होती आणि तिच्या प्रत्येक वाक्यासमोर तिनं एकेक ओळ घातली होती. 'हे मुद्दा 2 वर.' 'हे मुद्दा 4 वर. सुरू केलं तेव्हा 4 चालू होता, बोलून झालं तेव्हा तुम्ही 6 वर होतात.' अशी अकरा वाक्यं. त्यातलं एकही विषयाला सोडून नव्हतं. विषयच तिला मागे टाकून पुढे गेले होते.

आणि ते पुढे नेणारी मी होते. मीटिंग मीच चालवत होते.

तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. विचार आहे, भाषा आहे, मतं तर भरपूर आहेत; ओठ, जीभ आणि श्वास यांना एका लयीत आणणारे स्नायू तेवढे तिच्या ताब्यात नाहीत. तिच्या व्हीलचेअरला एक टॅब्लेट बसवलेला आहे. पडद्याच्या खालच्या कडेला इन्फ्रारेड कॅमेरा आहे. तो तिच्या डोळ्यांवरून नजर कुठे आहे ते ओळखतो. अक्षरावर नजर टेकवून क्षणभर थांबलं की ते अक्षर उमटतं. अशी अक्षरं जुळत जाऊन वाक्य होतं, मग 'बोल' या चौकोनाकडे पाहिलं की यंत्र ते वाक्य मोठ्यानं म्हणतं.

या सगळ्या प्रकाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून एएसी म्हणतात, मराठीत पूरक आणि पर्यायी संवाद. थोडं बोलता येतं पण पुरत नाही तेव्हा पूरक, बोलताच येत नाही तेव्हा पर्यायी. त्यात यंत्रच असायला हवं असं नाही. पुठ्ठ्यावर लिहिलेली मुळाक्षरं, चित्रांची वही, ठरलेल्या खुणा, हे सगळं त्यात आलं. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारानं वाचा गेलेले, पक्षाघातातून उठलेले, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावं लागलेले, ऑटिझम असलेले, अशी किती तरी माणसं यांपैकी काही ना काही वापरतात आणि त्यांतली पुष्कळ नोकरी करतात, किंवा करू शकली असती.

तिच्या मेलनंतर मी आधी काय केलं, तर गणित मांडलं. आपण गप्पा मारताना मिनिटाला सुमारे 150 शब्द सहज बोलतो. यंत्रावर एकेक अक्षर वेचून बोलणाऱ्या बहुतेकांना मिनिटाला 15 शब्दही गाठता येत नाहीत. म्हणजे पंधरा शब्दांच्या साध्या वाक्याला मिनिटभर तरी हवं. आणि इकडे आपली घाई केवढी असते? 2009 साली दहा वेगवेगळ्या भाषांची तुलना करून एक गोष्ट मोजली गेली: एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो. सरासरी साधारण 200 मिलिसेकंद, आणि कुठल्याही भाषेची स्वतःची सरासरी त्यापासून पाव सेकंदाहून जास्त दूर नाही. एवढ्या वेळात विचार करून वाक्य तयार होऊच शकत नाही. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण आपलं जुळवायला घेतलेलं असतं. सेकंदभर शांतता झाली की आपल्याला वाटतं, याला सांगायचं नाही, किंवा कळलेलं नाही.

मला तेच वाटत होतं. मी तिला विचारायचे, पाच-सहा सेकंद थांबायचे, आणि तिची अडचण होऊ नये म्हणून म्हणायचे, 'असू दे, नंतर सांग.' मी तिला सांभाळून घेत होते अशीच माझी समजूत होती.

तिच्यासाठी कार्यालयानं काहीच केलं नव्हतं असं नाही. उतार बांधला होता, टेबलाची उंची बदलली होती. आणि आमच्या मजल्यावरची सगळ्यात चांगली जागा, मोठ्या खिडकीजवळची, आम्ही तिला दिली होती. ही जागा तिच्यासाठी सगळ्यात वाईट ठरली. उन्हातही इन्फ्रारेड असतं. ते थेट आत आलं की कॅमेऱ्याला तिची नजर नीट सापडत नाही. एका अक्षराकडे पाहावं तर शेजारचं उमटतं. दुपारी दोननंतर तिचा वेग निम्म्यावर यायचा आणि आम्ही म्हणायचो, दुपारी दमते बिचारी. ती सलग सात आठवडे ऊन झेलत तिथे बसली, कारण जागा देताना तिला विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं आणि दिलेली जागा नको म्हणणं कृतघ्नपणाचं दिसलं असतं. शेवटी तिनं सांगितलं तेव्हा भिंतीकडेची, ट्यूबलाइटखालची जागा मागितली. ती जागा कुणालाच आवडत नाही. तिथे तिचा पडदा शांत असतो.

असंच शब्दांचं. यंत्रात तयार वाक्यं साठवून ठेवता येतात, एका नजरेत बोलता येतात. आम्ही तिघींनी बसून उत्साहानं साठेक वाक्यं लिहून दिली. 'सुप्रभात.' 'धन्यवाद.' 'मला मदत हवी आहे.' 'माफ करा, उशीर झाला.' तिनं ती ठेवून घेतली. महिन्याभरानं एकदा पडदा माझ्याकडे होता तेव्हा पाहिलं, तर त्यातली सात-आठच उरली होती आणि बाकीच्या जागी तिची स्वतःची होती. 'माझं अजून झालेलं नाही.' 'हे मला मान्य नाही.' 'हे काम माझ्याकडे कुणी दिलं?' 'मला विचारा, माझ्या मदतनिसाला नाही.' शिवाय विभागातल्या सगळ्यांची नावं, फायलींचे प्रकार, आम्ही वापरतो ती लघुरूपं. आमची साठ वाक्यं पुन्हा आठवली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांत एकही नकार नव्हता. नोकरी करणाऱ्या माणसाच्या तोंडी दिवसातून किती वेळा नकार येतो! तो शब्द आम्ही तिला द्यायलाच विसरलो होतो.

आता तिच्या यंत्रात कोणते शब्द असावेत हे ती ठरवते. आमचं काम एवढंच की नवा प्रकल्प आला की त्यातली नावं नि संज्ञा आदल्या दिवशी तिच्याकडे पोचवायच्या, म्हणजे ऐन वेळी तिला अक्षरं मोजत बसावं लागत नाही. हे काम आपण कधी तरी करू असं म्हणून होत नाही. ते कुणाच्या तरी नावावर लागतं. आमच्याकडे ते माझ्या नावावर आहे.

अंदाजानं वाक्य पुरं करण्याबद्दल मात्र सरसकट नियम सांगता येत नाही, आणि इथे मी दोनदा चुकले. तिच्या यंत्राला मागच्या बाजूनं एक छोटा पडदा आहे, समोरच्याला वाचता यावं म्हणून. ही कल्पना जुनी आहे. टोबी चर्चिल नावाच्या इंग्रज इंजिनिअरची 1968 साली नदीत पोहल्यानंतर झालेल्या मेंदूज्वरात वाचा गेली. त्यानं स्वतःसाठी टाइप करायचं एक यंत्र घडवलं, लाइटरायटर, आणि 1973 साली ते इतरांसाठी बनवणारी कंपनी काढली. त्या यंत्राला दोन बाजूंना दोन पडदे असत, एक स्वतःकडे, एक समोरच्याकडे. समोरासमोर बसून, एकमेकांचा चेहरा दिसत असताना बोलता यावं ही ती गरज. ज्याला गरज होती त्यालाच सुचावी अशी गोष्ट.

तर तिच्या मागच्या पडद्यावर अक्षरं उमटताना दिसायची आणि अर्ध्या वाक्यावर मी ते पुरं करून टाकायचे. 'मार्चचा हिशेब...' 'पाठवला ना? हो, पाठवला.' तिला विचारायचं असायचं की मार्चचा हिशेब दोनदा का मागितला. मग तिला ते पुसून नव्यानं सुरुवात करावी लागायची. पुढे तिनं तो पडदा असा करून घेतला की वाक्य पुरं झाल्यावरच दिसेल. मी धडा घेतला, की अंदाज करायचा नाही. नंतर एकदा ती सर्दीनं बेजार होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, अक्षर धरवत नव्हतं, आणि मी समोर ढिम्म बसून वाट पाहत होते. बऱ्याच वेळानं यंत्र बोललं, 'ओळखा की.' त्या दिवशी तिला हवं होतं की मी अर्ध्यावर ओळखावं. काहींना समोरच्यानं शब्द पुरवलेला आवडतो, त्यानं श्रम वाचतात. काहींना तो आपल्या तोंडातून घास काढल्यासारखा वाटतो. आणि त्याच माणसाला आज एक हवं असतं, उद्या दुसरं. म्हणून विचारायचं, आणि पुन्हा विचारायचं.

त्या 'ओळखा की' मधल्या 'की'बद्दल मला थोडं बोलायचं आहे. मराठीत आपला सगळा जिव्हाळा या एक-दोन अक्षरी शब्दांत असतो. 'द्या' म्हटलं तर हुकूम होतो, 'द्या ना' म्हटलं की विनंती, 'द्या की' म्हटलं की लाडिक तगादा, 'द्याल का जरा' म्हटलं की अदब. तिच्या लेखी प्रत्येक अक्षराला किंमत आहे, दिवसभरात डोळ्यांना येणाऱ्या थकव्याची. म्हणून ती हे शब्द गाळते. त्यात यंत्राचा आवाज सपाट, चढ-उतार जवळजवळ नाही. 'फाइल द्या.' 'आज नाही.' 'चूक आहे.' आमच्या विभागातल्या दोघांनी माझ्याकडे येऊन सांगितलं होतं की ती उर्मट आहे. मी पुन्हा तिचे मेल वाचले, निवांत घरी बसून लिहिलेले. त्यांत 'ना' होता, 'बरं का' होतं, 'तुमच्या सवडीनं' होतं. माणूस तेच. मी त्या दोघांना ते मेल दाखवले नाहीत, ते तिचे होते. एवढंच सांगितलं की तिच्या वाक्याला जो सूर नाही तो आपण आपल्या मनानं घालतो, तर मग चांगला घालू या.

डोळ्यांचंही तसंच. आपण ऐकताना बोलणाऱ्याकडे पाहतो. ती उत्तर जुळवत असताना तिचे डोळे पडद्यावर असतात, कारण तिचे डोळेच तिची जीभ आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, लक्ष नाही. उलट ती जेव्हा टक लावून तुमच्याकडे पाहते आहे तेव्हा ती फक्त ऐकते आहे, बोलू शकत नाही. झटपट हो-नाही लागतं तिथे तिची यंत्राविना खूण आहे: वर पाहिलं की हो, डावीकडे पाहिलं की नाही. ही खूण विभागातल्या प्रत्येकाला माहीत असायला दोन मिनिटं लागली असती. आम्हाला पाच महिने लागले.

या विषयावर कुणाशी बोलायला लागलं की स्टीफन हॉकिंग यांचं नाव निघतंच. त्यांची गोष्ट खरोखरच नोकरीचीही गोष्ट आहे. 1985 साली न्यूमोनियात श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली आणि उरलंसुरलं बोलणं गेलं. केंब्रिजमधलं ल्युकेशियन हे गणिताचं प्राध्यापकपद त्यांनी 2009 पर्यंत सांभाळलं. म्हणजे वीसहून जास्त वर्षं त्या पदाचं काम त्यांनी यंत्राच्या आवाजात केलं. सुरुवातीला हातातल्या बटणानं मिनिटाला 15 शब्दांपर्यंत, पुढे हातही गेला तेव्हा गालाच्या एका स्नायूनं, आणि शेवटी शेवटी मिनिटाला एखादाच शब्द. तो आवाज डेनिस क्लॅट या शास्त्रज्ञानं स्वतःच्या आवाजावर बेतला होता. नंतर जास्त मानवी वाटणारे आवाज आले, तरी हॉकिंग यांनी तो बदलला नाही. त्यांच्या लेखी तोच त्यांचा आवाज झाला होता.

पण मला आता हे नाव उदाहरण म्हणून घ्यावंसं वाटत नाही. त्यांच्या एका वाक्यासाठी सभागृहं थांबत, कारण पुढे विश्वाबद्दल काही तरी ऐकायला मिळणार होतं. माझ्या सहकारीला सांगायचं असतं की तिसऱ्या रकान्याची बेरीज जुळत नाही. किंवा कालच्या मीटिंगला खोली फार थंड होती. या वाक्यांसाठीही कुणी तरी थांबायला हवं, आणि तिथे कुणी थांबत नाही. मराठीत म्हण आहे, बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. कार्यालयात मी हे रोज पाहिलं आहे. फक्त आमच्याकडे गहूवाली बोलत होती. आम्ही तिचं ऐकायच्या आत बाजार उठवत होतो.

मीटिंग बदलायला खूप काही लागलं नाही, पण जे लागलं ते अवघड होतं. अजेंडा दोन दिवस आधी, नेमक्या प्रश्नांसह. म्हणजे तिला आपली वाक्यं आधी जुळवून आणता येतात. एवढं करून आम्ही खूश झालो, तर महिन्याभरात तिनं दुसरी बाजू दाखवली. आधी लिहून आणलेलं वाचायचं म्हणजे भाषण झालं. वाद घालायचा तर तो तिथल्या तिथे घालता यायला हवा. म्हणून आता तिनं जुळवायला सुरुवात केली की यंत्रातून एक छोटा टिंग असा आवाज येतो. तो आला की बोलत असलेला माणूस आपलं वाक्य संपवतो आणि आम्ही थांबतो. कुणी मोबाइल पाहत नाही, कुणी शेजाऱ्याशी कुजबुजत नाही, कुणी तिच्या मागे जाऊन पडदा वाचत नाही. आणि महत्त्वाचा निर्णय त्याच बैठकीत पक्का होत नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लेखी म्हणणं मांडायला तो खुला असतो.

मीटिंग वीस-पंचवीस मिनिटांनी लांबली. काहीजण कुरकुरले, एकजण अजूनही कुरकुरतो. अशा बदलांचा फायदा शेवटी सगळ्यांनाच होतो असं सांगायची पद्धत आहे, आणि थोडा झालाही असेल. पण मला त्या फायद्याचा आधार घ्यायचा नाही. फायदा झाला नसता, नुसता वेळच गेला असता, तरी तो द्यावाच लागला असता. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारनाम्यात दुसऱ्या कलमात संवादाची व्याख्या आहे. तिच्यात पूरक आणि पर्यायी संवादाची साधनं स्पष्ट घातली आहेत, आणि त्याच कलमात म्हटलं आहे की वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे. कामाच्या हक्काचं 27वं कलम वेगळं. सोय म्हटलं की आपल्याला वस्तू आठवते, जिची पावती फाइलला लावता येते. वेळेची पावती मिळत नाही, म्हणून तो कुणी मंजूर करत नाही.

संगणक विभागाशी झालेली झटापट थोडक्यात सांगते. तिचं यंत्र कार्यालयाच्या संगणकाला जोडायला सुरक्षेच्या नियमांत बसत नव्हतं. परवानगीला अकरा आठवडे गेले. व्हिडिओ कॉलवर गोंगाट गाळणारी सोय यंत्राचा आवाज अधूनमधून गिळायची. आता तो माइकसमोरून न जाता थेट कॉलमध्ये जातो. आणि एकदा भर बैठकीत यंत्रानं स्वतःला अद्ययावत करायला घेतलं. चाळीस मिनिटं ती मुकी होती. त्या दिवसापासून तिच्या खुर्चीच्या खिशात मुळाक्षरांचा पारदर्शक फलक असतो, आणि तो समोर धरून तिची नजर वाचायला आम्ही चौघं शिकलो आहोत. फार हळू होतं ते. पण होतं.

हे सगळं चालू असताना विभागातला एक तरुण मुलगा माझ्याकडे आला. तो ऑटिस्टिक आहे, हे तोवर मला माहीत नव्हतं. सकाळी तो छान बोलतो. गर्दीच्या, गोंगाटाच्या दिवशी दुपारनंतर त्याचे शब्द अडतात, मग फोनवर टाइप करून दाखवणं त्याला सोपं जातं. आधीच्या एका नोकरीत त्यानं ते करून पाहिलं होतं, तर त्याला म्हणाले, 'काल तर बोलत होतास.' त्यानंतर त्यानं ते बंद केलं आणि अशा दुपारी आजारी असल्याचं सांगून घरी जायला लागला. आता तो टाइप करतो. आम्ही वाचतो.

पुढच्या वर्षीच्या अहवालाच्या नमुन्यात 'संवाद' हा रकाना मी बदलून घेतला. तिथे आता 'म्हणणं स्पष्टपणे पोचवते का' असा प्रश्न आहे. माझं जुनं वाक्य फाइलमधून काढून टाकायची तयारी मी दाखवली होती. ती म्हणाली, 'राहू दे. खाली माझं उत्तर जोडा.' ते जोडलेलं आहे, अकराच्या अकरा ओळींसह.

फोन मात्र अजून सुटलेला नाही. पलीकडच्या माणसाला यंत्राचा आवाज ऐकू येतो, त्याला वाटतं जाहिरातीचा फोन आहे, आणि तो ठेवून देतो. गेल्या आठवड्यात एका पुरवठादाराशी बोलायचं होतं. मी म्हटलं, 'मी लावते.' तिनं डावीकडे पाहिलं. तीनदा फोन ठेवला गेला. चौथ्या वेळी तिनं साठवलेलं नवं वाक्य लावलं, 'मी माणूस आहे, यंत्राच्या आवाजात बोलते, कृपया ठेवू नका, मला लिहायला वेळ लागतो.' पलीकडून एक बाई म्हणाल्या, 'बरं, बोला.' ती अक्षरं वेचायला लागली. स्पीकर चालू होता. पलीकडे कुठे तरी दार आपटलं, कुणी तरी काही विचारलं, आणि त्या बाई दबक्या आवाजात त्याला म्हणाल्या, 'थांब, त्या लिहीत आहेत.'